दोनशे मिलिमीटर पावसात पोटापुरतं पिकवायचं कसं? थरच्या वाळवंटातली शेती, पायरी पायरीने

वाळवंटात शेती करायची तर आपली सगळी जमीन पिकाखाली आणायचा विचार आधी सोडावा लागतो. जैसलमेरला वर्षाकाठी जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो. बाडमेर आणि बिकानेरला २५०च्या आसपास, जोधपूरला ३५०च्या मागेपुढे. आपण माण, आटपाडी, जत यांना कायमचे दुष्काळी तालुके म्हणतो, पण तिथलाही पाऊस जैसलमेरपेक्षा बराच जास्त आहे. शिवाय थरमध्ये ऊन-वारा मिळून वर्षाला २००० मिलिमीटरच्या घरात पाणी उडवून नेऊ शकतात. फलोदीला १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंशांवर गेला होता.

आणि तरीही या मुलखात बाजरी, मटकी, मूग, गवार, तीळ पिकतात. काही ठिकाणी तर विहिरीच्या पाण्याशिवाय गहू आणि हरभराही पिकतो, आणि हे शेकडो वर्षं चालत आलं आहे. तिथल्या माणसांनी एक गोष्ट पक्की ओळखली होती: पाऊस मोठ्या रानावर पडू द्यायचा, पण पीक त्यातल्या लहानशा तुकड्यात घ्यायचं. उरलेलं रान त्या तुकड्यासाठी पाणी, चारा, खत आणि वाऱ्याला आडोसा पुरवतं. पुढची प्रत्येक पायरी याच विचारातून येते. बाडमेर-जैसलमेर पट्टा डोळ्यांसमोर ठेवून मी ती मांडतो आहे.

पायरी १: पेरणीआधी पाण्याचा हिशेब

एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. एवढं एक गणित पाठ असलं की बाकीचं कागदावर मांडता येतं. लवकर येणाऱ्या बाजरीला ढोबळमानाने २०० ते २५० मिलिमीटर पाणी लागतं, मटकीचं त्याहून कमीत भागतं, गव्हाला ४००च्या वर हवं. म्हणजे सरासरीच्या वर्षी नुसत्या पावसावर बाजरी कशीबशी हाताशी येते, मटकी बहुधा येते, गहू अजिबात येत नाही.

सरासरीवर मात्र फार विसंबू नका. मारवाडात म्हण आहे, ‘तीजो कुरियो, आठवो काळ’. दर तिसरं वर्ष निम्म्या दुष्काळाचं आणि आठवं पुऱ्या दुष्काळाचं. दुष्काळाचेही तिथे प्रकार आहेत: धान्य बुडालं तर अन्नकाळ, पाणी आटलं तर जळकाळ, चारा गेला तर तृणकाळ आणि तिन्ही एकदम आले तर त्रिकाळ. विक्रम संवत १९५६चा, म्हणजे १८९९-१९००चा ‘छप्पनिया’ दुष्काळ अशाच त्रिकाळाचा होता. ही वर्गवारी नियोजनाला फार उपयोगी आहे. धान्य बुडालं तरी चारा आणि पाणी वाचेल अशी आखणी करता येते, आणि गुरं जगली तर कुटुंब तगतं.

पायरी २: जमीन उकरून बघा

शेतात तीन-चार ठिकाणी कमरेएवढे खड्डे घ्या. वरची वाळू किती खोल आहे, खाली चुनखडीच्या कंकराचा थर लागतो का, जिप्समचा किंवा चिकणमातीचा पट्टा आहे का, हे बघा. पाणी कुठे मुरतं आणि कुठे अडतं, ते यावर ठरतं. ऑगस्ट २००६मध्ये बाडमेरजवळच्या कवास गावात पूर आला आणि पाणी बराच काळ हटेना, कारण जमिनीखालचा जिप्समचा थर ते मुरू देत नव्हता. गावासाठी ते संकट होतं. पण याच थरांच्या आधाराने वाळूत झिरपलेलं गोडं पाणी वरच्या वर टिकतं आणि अरुंद कुयांमधून, बेऱ्यांमधून, म्हणजे लहान विहिरींमधून, लोक ते पिण्यासाठी काढतात. अशा थराच्या वर भरपूर पाण्याची बागायत मात्र करू नये.

मातीचे आणि जवळच्या विहिरीच्या पाण्याचे नमुने तपासून घ्या. जोधपूरची केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था, जिला सगळे ‘काजरी’ म्हणतात, १९५९पासून या कामात आहे. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रातही विचारता येतं. पाण्याची क्षारता कळल्याशिवाय बोअरवेलचा विचार करू नका.

शेवटी उताराची दिशा बघा. पहिला मोठा पाऊस पडला की शेतावर जाऊन पाणी कुठून वाहत येतं, कुठे साचतं, कुठून निघून जातं ते बघून ठेवावं. हे प्रत्यक्ष बघितल्याशिवाय बांध घालायला घेऊ नये.

पायरी ३: आधी वारा अडवा

आपल्याकडे उन्हाळी नांगरट ही चांगल्या शेतकऱ्याची खूण मानतात. थरच्या रेताड जमिनीत नेमकं उलट करायचं. मार्च ते जून या काळात तिथे वारा एवढा असतो की उलथून ठेवलेली माती शेजारच्या गावात जाते. म्हणून पीक कापताना बाजरीची धाटं गुडघ्याएवढी उभी सोडा आणि पावसाळ्यापर्यंत जमिनीला हात लावू नका. ट्रॅक्टरच्या तव्यांच्या नांगराने या भागाचं मोठं नुकसान केलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याने माती मोकळी होते, सेवण गवताची बुडखी उपटली जातात आणि आपोआप उगवलेली खेजडीची, म्हणजे शमीची, रोपंही मरतात. पेरणीआधी एक हलकी वखराची पाळी पुरे.

वाऱ्याच्या आडव्या दिशेने, म्हणजे साधारण पश्चिम आणि नैऋत्य बाजूला, झाडोऱ्याची ओळ हवी. झाडं वाढेपर्यंत खींप, सणिया, फोग अशा स्थानिक झुडपांच्या फांद्या वाळूत रोवून कमी उंचीची कुंपणं करतात. टेकडी सरकत असेल तर अशा ओळी सुमारे ५ मीटर अंतराने, वाऱ्याला आडव्या घालतात आणि मधल्या जागेत पावसाळ्यात सेवण किंवा अंजन गवत पेरतात. अंजनला तिकडे धामण म्हणतात. गवताचं बी फार हलकं असतं, म्हणून ते चिकणमाती, वाळू आणि शेणात कालवून त्याच्या गोळ्या पेरतात. त्यामुळे ते उडत नाही आणि मुंग्याही कमी नेतात.

वेडी बाभूळ लावू नका. ती भराभर वाढते म्हणून वर्षानुवर्षं मोह पडत आला आहे, पण तिने चराऊ कुरणं गिळली आहेत.

पायरी ४: पाणी एका जागी आणा

सगळ्या लेखातली ही सर्वांत मोलाची पायरी, म्हणून इथे जरा थांबतो.

जैसलमेर भागातल्या पालीवाल ब्राह्मणांनी पंधराव्या शतकाच्या सुमारास ‘खडीन’ ही पद्धत रूढ केली. आज पर्यटक कुलधरा या त्यांनी सोडलेल्या गावची ओसाड घरं बघायला जातात, पण त्या लोकांची खरी कमाई त्या परिसरातल्या शेतांत आहे. त्यांच्या जुन्या खडिनांत अजूनही पीक घेतलं जातं. वरच्या बाजूला खडकाळ, मुरमाड, उताराचं रान असतं. खाली सखल भागात जरा भारी, गाळाची जमीन असते. त्या सखल भागाच्या खालच्या कडेला मातीचा लांब बांध घालायचा आणि त्याची टोकं दोन्ही बाजूंनी वर वळवायची. पावसाचं पाणी रानावरून धावत येतं, बांधाशी थांबतं, पसरतं आणि मुरतं. पाणी मुरलं की त्याच जागेवर, त्याच ओलीवर रब्बी पेरायची.

हिशेब असा. पाणलोट आणि शेत यांचं प्रमाण साधारण १५ ला १ धरतात. १ हेक्टर शेताच्या वर १५ हेक्टर रान असेल, वर्षात २०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला पाचवा हिस्सा जरी वाहून खाली आला, तरी शेताला वरून ६०० मिलिमीटर पाणी मिळतं. त्याचा स्वतःचा पाऊस धरून ते ८०० झालं. काही पाणी उडून जाईल, काही खोल जाईल, पण गव्हाला लागणारी ओल उरते. जैसलमेरला गहू पिकतो तो असा.

बांध साधारण दीड ते तीन मीटर उंच आणि १०० ते ३०० मीटर लांब असतो. तो घालताना तीन गोष्टी चुकवू नका. पहिली, पाया. बांधाच्या रेषेखाली खंदक खणून कठीण थरापर्यंत जा आणि चिकणमाती ठोकून भरा, नाहीतर पाणी बुडातून फुटतं. दुसरी, दगडी सांडवा. वाळवंटातला पाऊस कमी असला तरी दोन तासांत वर्षाचा निम्मा कोसळू शकतो, आणि सांडवा नसलेला बांध अशा एकाच पावसात वाहून जातो. तिसरी, तळाशी झडपेची मोरी. ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेरणीची वेळ आली आणि पाणी उभंच असेल तर ते मोरीतून सोडता आलं पाहिजे. जुन्या काळी खडीन एकाखाली एक असत. वरच्याचं जादा पाणी खालच्याला जाई आणि सर्वांत खाली पिण्याची विहीर असे. खडिनात मुरलेलं पाणी तिथे गोडं लागतं.

वरच्या रानात शेरडं-मेंढरं चरली पाहिजेत, हा भाग लोक विसरतात. त्यांच्या लेंड्या पहिल्या पावसात गाळाबरोबर शेतात येतात. खडिनाला वेगळं खत फारसं लागत नाही त्याचं कारण हेच. आणि पाणलोटात कुणी खाण काढली, रस्ता आडवा टाकला किंवा घरं बांधली, तर खाली शेत उरत नाही. म्हणून जागा निवडताना वरचं रान कुणाच्या मालकीचं आहे हे आधी विचारा. गायरान किंवा ओरण, म्हणजे देवराई, असेल तर गावाशी बसून बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एवढी जागा नसेल तर छोटे उपाय आहेत. शेताला समपातळीत बांधबंदिस्ती करा. घराशेजारी टाका बांधा, म्हणजे जमिनीखालची गोल, वरून झाकलेली टाकी. २१,००० लिटरचा टाका हा तिकडे रुळलेला आकार आहे. तो भरायला किती अंगण लागेल? २०० मिलिमीटर पाऊस आणि त्यातला निम्मा हाती येईल असं धरलं, तर २१० चौरस मीटर. मात्र उघड्या वाळूवरून निम्मं पाणी कधीच येत नाही, ते जागेवर जिरतं. त्यासाठी टाक्याभोवतीची जागा, तिला ‘आगोर’ म्हणतात, मुरूम आणि तळ्याचा गाळ टाकून, ठोकून, टाक्याकडे हलका उतार देऊन तयार करावी लागते. आगोरात चपला घालून जायचं नाही, गुरं शिरू द्यायची नाहीत, आणि पावसाआधी तो झाडून काढायचा.

पायरी ५: मातीत धरून ठेवणारं काहीतरी घाला

रेताड मातीत सेंद्रिय कर्ब अगदी नावाला असतो, बहुतेक ठिकाणी ०.२ टक्क्यांच्याही खाली. हेक्टरी ५ टन कुजलेलं शेणखत दोन-तीन वर्षांआड जरी मिळालं तरी फरक पडतो. कुजलेलं हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. कच्चं शेण टाकलं की वाळवी लागते आणि मग ती पिकाच्या मुळांवर येते. आपल्याकडे धनगरांची मेंढरं शेतात बसवतात, तसं इथे रायका पशुपालकांच्या कळपांना बोलावता येतं. जवळच्या तळ्याचा गाळ मिळत असेल तर घराजवळच्या एखाद्या तुकड्यात तोच टाका. सगळ्या शेताला पुरेल एवढा गाळ कधीच मिळत नाही. बाजरीला हेक्टरी ४० किलो नत्र पुरे, निम्मं पेरताना आणि निम्मं तीन आठवड्यांनी, पण दुसरा हप्ता पाऊस झाला तरच. कोरड्यात टाकलेला युरिया वाया जातो.

पायरी ६: खरिपाची पेरणी, तारखांच्या उतरंडीने

रेताड माती मीटरभर खोलीत १०० मिलिमीटरच्या आसपास पाणी धरते. म्हणजे २५ मिलिमीटरच्या पावसाने जमीन साधारण वीतभर खोल भिजते. तेवढी ओल दिसली की पेरा. हात घालून बघा, वरचं भिजलेलं आणि खाली कोरडं असेल तर थांबा.

पाऊस कधी आला त्यावर पीक ठरतं. १५ जुलैपर्यंत पेरणीजोगा पाऊस झाला तर बाजरी. त्यानंतर बाजरीचा हट्ट सोडून जुलैअखेरपर्यंत मटकी, मूग, गवार. ऑगस्ट उजाडला तर धान्याची आशा सोडून चाऱ्यासाठी पेरा. तिकडचे जुने शेतकरी तर बाजरी, मटकी, मूग, गवार, तीळ आणि मतिऱ्याचं बी एकत्रच पेरतात. मतिरा म्हणजे वाळवंटी कलिंगड. वर्ष कसं निघेल ते आधी कळत नाही, आणि सहापैकी दोन-तीन पिकं तरी हाती लागतात. यंत्राने काढणी करायची असेल तर मिश्रण अडचणीचं होतं, तेव्हा ओळींचा पट्टा पाळा: बाजरीच्या काही ओळी, मग मटकीच्या किंवा गवारीच्या.

वाण कमी दिवसांचा निवडा. एचएचबी ६७ ही बाजरी साधारण ६५ दिवसांत निघते. तिच्यावर गोसावी रोग यायला लागल्यावर रोगाला दाद न देणारी सुधारित आवृत्ती २००५मध्ये आली. संकरित बी दरवर्षी विकत घ्यायचं नसेल तर काजरीची सीझेडपी ९८०२ बघा, तिचं बी घरी राखता येतं आणि कडबाही चांगला मिळतो. मटकीत आरएमओ ४० साठ-पासष्ट दिवसांची, उभट वाढणारी आहे. जुनी पसरट मटकी चाऱ्याला चांगली, पण तिला दिवस जास्त लागतात.

एकरी बियाणं: बाजरी दीड किलो, मटकी ४ ते ५ किलो, मूग ६ किलो, गवार ६ ते ८ किलो, तीळ किलोहून कमी. बाजरीच्या दोन ओळींत ४५ ते ६० सेंटिमीटर अंतर ठेवा आणि दाट पेरायचा मोह टाळा. दाट पेरलं की ओल आधीच संपते आणि कणसं भरत नाहीत. बाजरीचं बी २० टक्के मिठाच्या पाण्यात ढवळून वर तरंगणारं काढून टाका, अरगट रोगाच्या गाठी त्यात निघून जातात. मग बी साध्या पाण्याने दोनदा धुऊन सावलीत वाळवा. कडधान्यांच्या बियाण्याला रायझोबियम, म्हणजे नत्र धरणारे जिवाणू, चोळा.

बी २-३ सेंटिमीटरहून खोल गेलं तर बाजरी वर येत नाही. उगवायच्या आत जोराची सर आली आणि वर खपली धरली तर हलका दाताळा फिरवून ती फोडा. उगवल्यावर वाऱ्याने वाळू उडाली तर कोवळी रोपं पुरली जातात किंवा वाळूच्या माऱ्याने करपतात, आणि पुन्हा पेरावं लागतं. बी हिशेबापेक्षा दुप्पट जवळ ठेवायचं ते यासाठी.

वीस-पंचवीस दिवसांनी खुरपणी किंवा कोळपणी करा. तण काढणं हा त्यातला एक भाग. वरचा थर भुसभुशीत झाला की खालची ओल उडायची थांबते, हा दुसरा आणि इथे जास्त मोलाचा. पावसाने महिनाभर पाठ फिरवली तर मन घट्ट करून बाजरीची एकाआड एक ओळ उपटून गुरांना घाला. उरलेल्या ओळींना दुप्पट ओल मिळते. हे वेळेवर करणारे थोडेच असतात, कारण हिरवं पीक उपटायला हात धजत नाही.

पायरी ७: रब्बी, ओलीवर

खडिनातलं पाणी ओसरलं आणि पाय रुतायचा थांबला की उथळ मशागत करून लगेच फळी फिरवा. ओल कोंडून राहिली पाहिजे. सखल, भारी भागात गहू, त्याच्या वर हरभरा, कडेच्या हलक्या पट्ट्यात मोहरी. बी ओलीत पडेल एवढं खोल पेरा. खडीन भरलंच नाही तर ऑक्टोबरची वाट बघू नका, जुलैतच त्यात बाजरी-गवार पेरून टाका.

थरची थंडी कडक असते. डिसेंबर-जानेवारीत दहिवर गोठतं आणि फुलोऱ्यातली मोहरी, जिरं एका रात्रीत जातं. बाडमेर, जालोर भागात जिऱ्याचं क्षेत्र मोठं आहे आणि पैसाही मिळतो. पण जिऱ्याला चार-पाच पाणी लागतात, मर आणि करपा हे दोन्ही रोग मागे असतात, आणि ते पोट भरत नाही. धान्याची तजवीज झाल्यावरच जिऱ्याकडे वळावं.

पायरी ८: झाडं हेही अन्नाचं पीक

खेजडी म्हणजे आपण दसऱ्याला पूजतो ती शमी. तिची मुळं फार खोल जातात, सावली विरळ असते, आणि तिच्याखालची बाजरी उघड्यावरच्या बाजरीपेक्षा बरी येते. कोवळ्या शेंगा म्हणजे सांगरी, पाला म्हणजे गुरांचा लूंग. शेतात आपोआप उगवलेली रोपं काट्यांनी झाकून राखा, लावलेल्या रोपांपेक्षा ती चिवट निघतात. लवकर शेंगा हव्या असतील तर बिकानेरच्या केंद्रीय शुष्क बागवानी संस्थेचा ‘थार शोभा’ हा वाण डोळा भरून लावता येतो. शेताच्या कडेला केर, ज्याला आपण नेपती म्हणतो, आणि गुंदा, म्हणजे भोकर, हवेच. केर, सांगरी, कुमट या झाडाच्या बिया वाळवून ठेवल्या की भाजी नसलेल्या महिन्यांत पंचकूटा, म्हणजे वाळवणाची मिश्र भाजी, होतो.

बोर हे मात्र मुद्दाम लावायचं फळ. एप्रिल-मेच्या भट्टीत ते पानं गाळून झोपतं, पावसात फुटतं आणि फळ हिवाळ्यात देतं, म्हणून त्याला पाणी कमी लागतं. रानबोराचं बी जागेवरच टोकून त्यावर पावसाळ्यात गोला किंवा सेब जातीचा डोळा भरा, कारण जागेवर उगवलेल्याचं सोटमूळ सरळ खाली जातं. अंतर ६ बाय ६ मीटर. प्रत्येक झाडाभोवतीची जमीन बुंध्याकडे उतरती करा. ३६ चौरस मीटरवर १० मिलिमीटर पाऊस पडला आणि निम्मा बुंध्याशी आला, तरी झाडाला १८० लिटर पाणी मिळतं. छाटणी मेअखेरीस. फळमाशी लागू नये म्हणून गळालेली बोरं वेचून पुरून टाका.

डाळिंबाबद्दल मराठी वाचक हमखास विचारतो, कारण बाडमेरमधली डाळिंबाची लाट आपल्या राहुरीच्या विद्यापीठातून आलेल्या भगवा वाणावरच उभी आहे. तिकडे त्याला सिंदुरी म्हणतात. फळ देखणं येतं. पण त्याला बारा महिने ठिबक लागतं, आणि ते पाणी बहुतेक ठिकाणी पुन्हा न भरणाऱ्या साठ्यातून येतं. पाणी खारं असेल तर माझी पसंती खजुराला. त्याला क्षार सोसतात. मात्र पाणी त्यालाही नियमित हवं, परागीकरण हाताने करावं लागतं, आणि जुलैच्या पावसाआधी ‘डोका’ अवस्थेत, म्हणजे फळं पिवळी-कुरकुरीत असताना, घड उतरवावे लागतात. त्यासाठी बरही ही जात चांगली, ती त्या अवस्थेतही गोड लागते.

घराजवळची भाजी मडक्यांवर घ्या. न भाजलेलं नव्हे, चांगलं भाजलेलं पण झिलई नसलेलं १० लिटरचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, भोवती काचरी, काकडी, टिंडा यांचं बी लावायचं, तोंड झाकायचं आणि चार-पाच दिवसांनी भरायचं. मुळं मडक्याला बिलगतात आणि हवं तेवढंच पाणी ओढतात.

पायरी ९: पंप किंवा कालवा असेल तर

इंदिरा गांधी कालव्याची पायाभरणी ३१ मार्च १९५८ रोजी झाली. पंजाबातून निघून तो ६४९ किलोमीटर धावत जैसलमेरपर्यंत पोहोचला. त्याने वाळवंटात गहू, कापूस, मोहरी आणली, आणि हनुमानगड जिल्ह्यातल्या काही गावांत शेतंच्या शेतं पाणथळ आणि खारटही झाली. वरून पाट सोडून दिलेलं पाणी खालच्या कठीण थरावर साचत गेलं आणि क्षार घेऊन वर आलं. म्हणून कालव्याचं पाणी मिळत असेल तरी ते डिग्गीत, म्हणजे शेततळ्यात, साठवून तुषार किंवा ठिबकनेच द्या.

विहिरीचं पाणी खारं असेल तर कडधान्यांना ते देऊ नका, मूग-मटकी-हरभरा क्षारांपुढे टिकत नाहीत. सातू आणि मोहरी बऱ्यापैकी तग धरतात. पाली भागातल्या खारचिया गव्हाने खारं पाणी पिऊन पिढ्यान्‌पिढ्या घरं जगवली आहेत. तिथली जुनी रीत अशी की खाऱ्या पाण्यावर गहू घेतला की पुढचा खरीप ते शेत पड ठेवायचं आणि बांध घालून पावसाचं पाणी त्यात मुरवायचं. पावसाने क्षार खाली धुतले जातात, मगच पुढचा गहू.

पायरी १०: किडी

पहिल्या चांगल्या पावसानंतर संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे खेजडी, बोर, कडुनिंबावर जमतात. त्या चार-पाच रात्री फांद्या हलवून ते पाडा आणि रॉकेलच्या पाण्यात टाका. याच सुमारास केसाळ अळीचे पतंग निघतात, त्यांना बांधावर दिवा लावून खाली पाण्याची परात ठेवा. टोळधाड हा एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातला विषय नाही. २०२०च्या मे महिन्यात टोळांचे थवे थर ओलांडून विदर्भापर्यंत आले होते. ओल्या वाळूत अंडी किंवा बिनपंखी पिल्लं, ज्यांना तिकडे ‘फाका’ म्हणतात, दिसली की लगेच टोळ नियंत्रण कार्यालयाला कळवा आणि पिल्लांच्या वाटेत आडवा चर खणा. पंख फुटल्यावर फार उशीर होतो.

पायरी ११: साठवण, आणि वाईट वर्षाची तयारी

बाजरीची कणसं खुडून अंगणात चांगली वाळवा, मग मळा. दाणे वर्षभर टिकतात, पीठ मात्र आठवडाभरातच कडू होतं, म्हणून लागेल तसं दळा. मटकी-मूग कोरड्या वाळूत किंवा राखेत मिसळून ठेवले की भुंगा लागत नाही. सांगरी उकडून वाळवा. काकडीच्या वाळवलेल्या फोडी म्हणजे खेलरा आणि टिंड्याच्या म्हणजे फोफलिया, दोन्ही माळ करून टांगून ठेवतात. कडब्याची गंजी बुडाशी काटे घालून जमिनीपासून उचललेली असू द्या, वाळवी खालून चढते.

५ हेक्टर जमीन असेल तर माझी वाटणी अशी असते: सर्वांत सखल अर्ध्या ते पाऊण हेक्टरला शेताबाहेरच्या वरच्या रानातलंही पाणी गोळा करून रब्बी, दीड हेक्टर खेजडीखाली बाजरी-मटकी-गवार, अर्ध्या हेक्टरवर बोर आणि कडेने भोकर, बाकी सगळं सेवण गवत आणि पाणलोट. सेवण एकदा जमलं की वर्षानुवर्षं राहतं आणि १००-१५० मिलिमीटरच्या पावसातही फुटतं. त्यावर थारपारकर किंवा राठी गाय आणि चार शेळ्या पोसता येतात. जुलै संपेपर्यंत पाऊस आला नाही तर गाभण जनावरं आणि चांगल्या दुधाच्या गाई राखून बाकीचे प्राणी विकून टाका, कारण सप्टेंबरपर्यंत सगळेच विकायला काढतात आणि भाव पडतो. चांगल्या वर्षातला कडबा विकू नका, दोन वर्षांची गंजी घरी हवी. बियाण्याचंही तसंच: दोन पेरण्यांपुरतं बाजरीचं आणि मटकीचं बी वेगळ्या मडक्यात, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून, तोंड शेणमातीने लिंपून ठेवा आणि घरात खायला धान्य कमी पडलं तरी ते मडकं फोडू नका.